सुतळी कुणाच्या हातात?

ताई, सप्रेम नमस्कार.

आमची वाडी देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला. वाडीतून वरच्या कातळाच्या सड्यावर चढणारी जुनी दगडी पायऱ्यांची पाखाडी आहे. पूर्वी खाडीकडच्या मासेवाल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन याच वाटेनं वरच्या गावांत जायच्या. डांबरी रस्ता झाला आणि पाखाडी रानमोडीच्या झुडपांत बुडाली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर भात झोडून झालं, आणि बचत गटातल्या आम्ही अकरा जणींनी ती मोकळी करायला घेतली. दर रविवारी सकाळी तीन तास. सड्यावर कातळशिल्पं आहेत, ती बघायला ट्रेकर येतात. त्यांच्यातल्या मुंबई-पुण्याच्या काही मुलीही हाताशी येऊ लागल्या.

वर जिथे जुन्या पायऱ्या उरल्याच नव्हत्या, तिथे आम्ही नवीन वाट काढली. जूनच्या पहिल्याच पावसात ती वाहून गेली. गाव हसलं. यंदा पुरुष मंडळी ‘मदतीला’ आलीत, माझे दीरच पुढे. आता दोरी लावणार ते, खुंट्या ठोकणार ते. आम्ही घमेली वाहतो आणि चहा करतो. त्यात आता जेसीबी आणायचं चाललंय, दोन दिवसांत काम संपेल म्हणतात. मी बोलले तर घरात धुसफूस. सासूबाई म्हणतात, काम झाल्याशी मतलब, मान कशाला हवा? आमच्यातल्या एक काकी तर नुसत्या गडग्यावर बसून बोलत असतात, त्यावरून बाकीच्या कुरकुरतात. कंटाळा आलाय. सोडून द्यावं का?

ता.क. काम साडीवर करावं की ड्रेसवर, यावरूनही आमच्यात दोन तट आहेत.

– पाखाडीवाली

*

पाखाडीवाल्या बाई,

सोडू नका. हे आधी सांगून टाकते, बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रातला ‘दोरी’ हा शब्द मी दोनदा वाचला. तुम्ही तो सहज लिहून गेलात, पण सगळं दुखणं तिथेच आहे. वाटेच्या कामात पहार, कुदळ, घमेलं ही सगळी नंतरची हत्यारं. पहिलं हत्यार सुतळी. दोन खुंट्यांमध्ये ती ताणली की वाट कुठून जाणार, किती चढणार, कुठे वळणार हे ठरलं. त्यानंतर उरते ती हमाली. गेल्या वर्षी सुतळी तुमच्याकडे होती, यंदा नाही. एवढाच फरक पडलाय, आणि कंटाळा त्याचाच आलाय. घमेल्यांचा कंटाळा तुम्हाला गेल्या वर्षी आला नव्हता.

सासूबाईंना म्हणावं, मान बाजूला ठेवू. वाट कुणाच्या पायांना कळते ते बोलू. तुमचे भावोजी सड्यावर जातात ते मोटारसायकलवरून, डांबरी रस्त्यानं फेरा घालून. पायी गेले तर हात मोकळे सोडून, मोबाइल कानाला लावून. मोळी, गवताचा भारा, माशांची पाटी घेऊन चढणाऱ्या बाईला चढ मानेत आणि गुडघ्यात कळतो. ती सरळ वाट धरत नाही. आडवी, तिरकी, सावकाश चढते. त्या मासेवाल्यांनी वर्षानुवर्षं तुडवलेली जी वाट, ती कुणी कागदावर आखली नव्हती. सासूबाईंनाच विचारा, त्या नवीन लग्न होऊन आल्या तेव्हा पाण्याला कुठून जायच्या. बघा, हातानं हवेत वळणं काढून दाखवतील.

आता वाहून गेलेल्या तुकड्याबद्दल. लाज वाटून घेऊ नका, मी हेच केलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही काही जणींनी आमच्या गावी देवळामागून टेकडीवर जायची वाट काढली होती. माथा समोर दिसत होता, म्हणून नाकासमोर सरळ वर गेलो. सात-आठ रविवार घालवले, कडेनं चुना टाकला, फोटोबिटो काढले. एक म्हातारी रोज येऊन बसायची, ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ‘पाणी जयसून धावता थयसून वाट नेव नको गो बाय.’ आम्ही हसून हो म्हटलं आणि खणत राहिलो. मृगाच्या दुसऱ्या-तिसऱ्या सरीलाच वाटेचा वाहता पऱ्या झाला. लाल माती थेट देवळाच्या आवारात. पुढचे चार दिवस मी त्या बाजूला फिरकले नाही.

कोकणात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस येतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. इथे वाट बांधायची म्हणजे निम्मं काम पाण्याची सोय लावण्याचं. डोंगराचा उतार ज्या दिशेला, त्याच दिशेला वाट नेली की पाणी म्हणतं, बरं झालं, माझ्यासाठीच खणली. म्हणून वाट उताराला आडवी धरायची. वाटेचा चढ डोंगराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त नको, आणि साधारण दहा फूट चाललं की एक फूट वर आलो, एवढ्यावर भागवायचं. यानं वाट लांबते, वळसे पडतात. पडू देत. त्यात पंधरा-वीस पावलं सलग चढत गेल्यावर मध्ये एकदा वाट जराशी खालवायची आणि पुन्हा चढवायची. त्या खोलगट जागी वरून आलेलं पाणी वाट सोडून खाली उतरतं.

आणि ढाळ! घर बांधताना गवंड्याशी न्हाणीच्या ढाळावरून तुम्ही भांडला असाल, तोच हा ढाळ. वाटेची दरीकडची कड डोंगराकडच्या कडेपेक्षा किंचित खाली हवी. फुटाला अर्धा इंच पुरतो, म्हणजे तीन फुटी वाटेला दीड इंच. डोळ्याला दिसणारही नाही. त्याची परीक्षा अशी: कळशीभर पाणी घ्या आणि वाटेच्या मधोमध ओता. एक-दोन पावलांच्या आत ते तिरकं होऊन कडेवरून उतरलं पाहिजे. वाटेवरूनच खाली पळत सुटलं तर तिथे पुन्हा खणा. दर पाच-दहा पावलांवर एक कळशी. पाणी वर वाहून न्यावं लागतं खरं, पण तो एक रविवार घालवाच.

जिथे चढ टाळताच येत नाही तिथे पायऱ्या. त्यासाठी नवीन चिरा विकत आणायच्या आधी रानमोडीत हात घाला; जुन्या पाखाडीचे दगड तिथेच कुठेतरी घरंगळलेले असणार. नवा आणावाच लागला, तर जांभा खाणीतून आल्या आल्या मऊ असतो, हवेवर पडून कडक होत जातो, तेव्हा घडवायचा तो लवकर घडवा. निम्मा दगड जमिनीत गेला पाहिजे, वर पाय पडला की डुगडुगता कामा नये. सहा-सात इंचांहून उंच पायरी ठेवू नका. पायरीलाही थोडा उतार द्या, पाणी साचलं की शेवाळ आणि श्रावणात कुणाचं तरी कंबरडं. कडेला आधार लागेल तिथे सुका गडगा घाला. सिमेंट नको, मागचं पाणी फटींतून झिरपून जायला हवं. कोंडलं की अख्खी भिंत ढकलतं. दगडाची लांब बाजू डोंगराच्या पोटात, भिंत किंचित डोंगराकडे कललेली, आणि थरांची सांधमोड सांभाळायची, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यायचा नाही. गावात एखादा जुना गडगे घालणारा असेलच. त्याला एक दिवस बोलवा, हजेरी द्या, आणि शिकून घ्या. फुकट बोलवू नका.

रानमोडी मात्र कोयत्यानं छाटत बसू नका, दुप्पट जोमानं फुटते. आताच, बी उडायच्या आत, मुळासकट उपटा. दगड हलवताना आधी पहारीनं उलटायचा, मग हात. जांभ्याखाली विषारी फुरसं असतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण मुंबईच्या मुलींना सांगायला हवं. त्या दगडाखाली थेट बोटं घालतात, मी पाहिलंय. चावलंच तर आवळून बांधणं नाही, जखमेला चिरा देणं नाही, मांत्रिक नाही. हात-पाय हलू न देता थेट दवाखाना. विंचवालाही हेच. सर्पदंशावरची लस कुठल्या दवाखान्यात आहे, ती आता आहे का, हे दर महिन्याला फोन करून विचारायचं काम एकीकडे सोपवून टाका.

आता जेसीबी. मी यंत्राला नावं ठेवत नाही. विहिरीचा गाळ काढायला, चर खणायला आणा खुशाल. पण त्याला स्वतःला उभं राहायलाच आठेक फूट लागतात, आणि तुम्हाला हवी आहे तीन फुटांची वाट. आठ फूट काढायचे म्हणजे डोंगराच्या अंगाला पुरुषभर उंचीची दरड उभी कापायची, झाडांची मुळं तोडायची आणि ती सगळी लाल माती खाली लोटायची. खाली कुणाची काजूची बाग आहे? कुणाची विहीर? ती कापलेली दरड जुलैत वाटेवर येऊन बसेल ते वेगळंच. वर सड्यावर तर त्याला चढूच देऊ नका. कोकणातली कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली. तुमच्या सड्यावरची कुणी मोजली असतील किंवा नसतीलही, कातळावर पातळ माती आणि गवत असतं, त्याखाली अजून काय कोरलेलं आहे हे यंत्र चालवणाऱ्याला दिसणार नाही. तिथे तुम्हीसुद्धा खरवडू नका, खडूनं रेषा ठळक करू नका. वाट चित्रांपासून लांबून न्या आणि कडेला चार दगड लावून ठेवा, म्हणजे येणाऱ्याला कुठे थांबायचं ते कळेल.

हे सगळं भावोजींना सांगायचं कसं, हा तुमचा खरा प्रश्न. घरात सांगू नका. जेवणाच्या पाटावर वहिनीनं सांगितलेली गोष्ट दिराला चूक वाटते, मग ती कितीही बरोबर असो. वाटेवर सांगा, आणि तुम्ही बोलूच नका. त्यांनी आखलेल्या तुकड्यावर कळशी ओता. पाणी कुणाची वहिनी नाही, त्याचा राग धरता येत नाही. सरळ खाली पळालं तर म्हणा, ‘भावोजी, गेल्या वर्षी आमचं असंच झालं होतं.’ चूक आपल्याकडे घेऊन सांगितली की समोरच्याला माघार घ्यायला जागा राहते. आणि कडेनं उतरलं, तर त्यांची आखणी बरोबर आहे. तेही मोकळेपणानं कबूल करा.

त्यांना हाकलू मात्र नका. पुरुष आलेत ही वाईट गोष्ट नाही, ते सगळीकडे आलेत हे वाईट आहे. त्यांना त्यांचा तुकडा द्या. मध्ये वहाळ लागत असेलच, त्यावरचा छोटा पूल, साकव, त्यांना द्या, लाकूड, ओंडके, वजनाचं काम. वार दुसरा ठेवा. रविवार सकाळ बायकांची. त्या वेळी ज्या पुरुषाला यायचं असेल त्यानं यावं, घमेलं घ्यावं आणि मुकादमीण सांगेल तिथे ओतावं. मुकादमीण दर रविवारी बदला. अकरा जणी आहात, अकरा रविवारांत प्रत्येकीच्या हातात सुतळी येईल. ज्या दोघी-तिघी ‘आम्हाला काय कळतंय’ म्हणतील त्यांना आधी द्या. चहाचीही पाळी लावा आणि पाळीत भावोजींचं नाव घाला. मी गंमत करत नाही. वहीत लिहा.

वही हवीच. तारीख, कोण आलं, किती हात वाट झाली, कुठे कळशी ओतली. उद्या वाट पुरी झाली की नारळ वाढवायला आणि फोटोला पुढे कोण उभं राहणार हे तुम्हालाही माहीत आहे, मलाही. देवाला गाऱ्हाणं गावकर घालू देत, तो त्यांचा मान आहे. पण त्या दिवशी ही वही मोठ्यानं वाचून दाखवायची. अकरा नावं, एकेक रविवार.

कागदाचं काम कंटाळवाणं आहे, पण ते आताच उरका. गाव नकाशा काढा. जुन्या पायवाटा त्यावर तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. तुमची पाखाडी त्यात सापडली तर निम्मी लढाई जिंकली. नवीन तुकडा ज्यांच्या जमिनीतून जातो त्यांचे सातबारे बघा. सामाईक असणार, सतरा नावं आणि त्यातली बारा मुंबईला. तोंडी ‘हो’वर राहू नका. सगळे शिमग्याला आले की सह्या घ्या, शिमग्यात माणूस नाही म्हणत नाही. वनखात्याची नोंद दिसली तर झाडाला हात लावायच्या आधी वनरक्षकाशी बोला. आणि ग्रामसभेत ठराव घ्या: पायवाट तीन फुटी, यंत्राशिवाय, देखरेख बचत गटाकडे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची, हे ग्रामपंचायत कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती वहीवर सह्या घेऊन उरकतात. तुमच्याकडे यंदा ती खरोखरची भरू दे. २६ जानेवारी लांब नाही.

आता एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण मला ओळींमधून दिसली. मुंबई-पुण्याच्या मुली येतात, त्यांना जेवू कोण घालतं? तुम्हीच ना? म्हणजे तीन तास खणायचं, मग घरी पळत जाऊन पंधरा माणसांचं भात-सांबारं. त्या मुली चांगल्या आहेत, कष्टाळू आहेत, पण त्यांच्यासाठी ही रविवारची हौस आहे आणि तुमच्यासाठी आठवड्यातला आठवा दिवस. जेवणाचे पैसे घ्या. कुळथाची पिठी, भाकरी, सोलकढी, ताटाचा दर ठरवून गटाच्या खात्यात जमा करा. पाहुण्याकडून पैसे घेणं आपल्याकडे जिवावर येतं, मलाही येतं. पण त्या पाहुण्या नाहीत, सोबतिणी आहेत, आणि सोबतिणीला हिशेब सांगायला लाज नसावी. तशी अडचण वाटलीच तर त्यांनाच भाकऱ्या थापायला बसवा. दुसऱ्या रविवारी स्वतःहून पैसे काढतील.

काकींबद्दल तुमच्या मैत्रिणींशी माझं जमणार नाही. बसून बोलणारं माणूस वाटेच्या कामाला लागतं. माझ्या त्या म्हातारीचं ऐकलं असतं तर आमचे सात रविवार वाचले असते. अमेरिकेत अॅपलाचियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट आहे, तिची निगा आजही मुख्यतः स्वयंसेवकच राखतात. १९५५ साली ती पूर्ण वाट एमा गेटवूड नावाची ६७ वर्षांची बाई एकटी चालून गेली. अकरा मुलांची आई, पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. आणि चालून झाल्यावर तिनं काय केलं, तर वाट किती वाईट ठेवली आहे याबद्दल खणखणीत तक्रार केली. वर्तमानपत्रांतून ती छापून आली आणि वाटेच्या डागडुजीकडे लोकांचं लक्ष गेलं. तुमच्या काकी बोलतात काय, ते एक रविवार कुणीतरी कान देऊन ऐका. पूर्वी साकव कुठे होता, कुठल्या वळणावर पाटी उतरवून मासेवाल्या टेकायच्या, कुठे बारा महिने ओल असते, हे गाव नकाशात सापडणार नाही. त्या बसायच्या ती जागा आधी बघा. माझा अंदाज आहे, तिथेच जुना विसावा असेल.

राहता राहिली ता.क. मधली भानगड. साडी की ड्रेस, यात मी पडत नाही. ओचा नीट खोचलेली बाई ड्रेसवालीपेक्षा चपळ चढताना मी पाहिली आहे आणि ओढणी करवंदीत अडकून पडलेलीही पाहिली आहे. पाहायचं ते पायांकडे. बंद बूट हवेत, साधे कॅनव्हासचे चालतील. स्लीपर घालून आलेल्या बाईला त्या दिवशी दगडाला हात लावू देऊ नका, सरळ चहाच्या चुलीपाशी पाठवा. आणि भावोजी स्लीपर घालून आले, तर त्यांनाही.